दफनभूमी की स्मशान?

मुलगा बंगळुरूत वाढला, आजोबा मिरजेत. सुट्टीत दोघांना एकत्र खेळता यावं म्हणून 'मॅजिक: द गॅदरिंग'चे नियम मी मराठीत उतरवायला घेतले. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला, १९९३ साली आलेला हा पत्त्यांचा खेळ. नियमावली कायद्याच्या पुस्तकासारखी कलमवार. मी अडले ती कलम १११पाशी, म्हणजे टोकनांपाशी.

'टोकन' हा शब्द तसाच ठेवला. पूर्वी बँकेत पितळी टोकन मिळायचं, बाबांना ते आठवतं. इथलं टोकन मात्र वेगळं: पत्ता नसूनही रणभूमीवर असलेली वस्तू. पहिल्याच संचातला 'द हाइव्ह' घ्या. पाच मॅना (ही इथली खर्चायची शक्ती) मोजून तो पत्ता आडवा केला की एक उडती गांधीलमाशी अवतरते. गठ्ठ्यात तिचा पत्ता नसतो. नाणं ठेवा, मणी ठेवा, चिंचोका ठेवा, ती माशीच. ती हल्ला करते, हल्ला अडवते, इतरांसारखीच मरते. छापील टोकनंही मिळतात, पण नियम त्यांनाही पत्ता मानत नाही.

खरी पंचाईत 'ग्रेव्हयार्ड'ची. पटकन सुचतं ते 'स्मशान'. पण या खेळात तिथून पत्ते सर्रास परत आणतात, आणि स्मशानात राखेशिवाय उरतं काय? म्हणून 'दफनभूमी'. टोकनाला मात्र स्मशानच लागू पडतं. मेलेलं टोकन दफनभूमीत पोचतं खरं. 'कुणी मेलं तर' अशी अट असलेले पत्ते तेवढ्यात जागे होतात. मग टोकन नाहीसं होतं, कायमचं. त्यानं जागं केलेलं काम त्याच्यामागेही पार पडतं. हातात परत पाठवलं तरी तेच: पत्ता हातात राहतो, टोकन विरून जातं.

हे कलम मी गरजेपेक्षा जास्त वेळा वाचलं. पुस्तकांच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून मी दुभाषाचं कामही करते. एकदा इथल्या एका रुग्णालयात सोलापूरकडच्या एका गवंड्याच्या बायकोला शस्त्रक्रिया समजावून सांगायची होती. संमतिपत्र इंग्रजीत, डॉक्टर कन्नड-इंग्रजी बोलणारे. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणाली, "ताई, मागं एक सुई दिली तवा माझं सगळं अंग सुजलं होतं." ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि एक औषध बदललं.

तिचा अंगठा त्या कागदावर आहे, डॉक्टरांची सही आहे, बदललेल्या औषधाचं नाव आहे. माझं एकही वाक्य त्या फाइलीत नाही. ती बाई आठवड्यानं चालत घरी गेली.