जळवेचं जुळतं, मग आपलं का नाही?

जळू म्हटलं की म्हशीच्या पायाला चिकटलेली काळी, बुळबुळीत वस्तू आठवते. पण मेंदू आणि मज्जातंतूंवर काम करणाऱ्या मंडळींचा तिच्यावर फार जीव. कारण सोपं आहे. तिची मज्जारज्जू पोटाच्या बाजूने जाते, तिच्यात मधल्या भागात 21 गाठी असतात आणि एकेका गाठीत साधारण 400 चेतापेशी. म्हणजे मोजता येतील इतक्या! आणि मुख्य म्हणजे ही मज्जारज्जू चिरडली तर काही आठवड्यांत तंतू पुन्हा वाढून आपापल्या जोडीदाराला गाठू शकतात.

हे कसं होतं त्यावर मायामी विद्यापीठातल्या केनेथ म्युलर यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. दुखापत झाली की काही मिनिटांत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जागच्या हलतात आणि काही तासांत जखमेपाशी गर्दी करतात. या मज्जासंस्थेच्या स्वतःच्या संरक्षक पेशी. त्यांना बातमी कोण देतं? एटीपी. हे पेशीचं इंधन, पेशीच्या आत भरपूर आणि बाहेर जवळजवळ नाहीच. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं, आणि बाहेर एटीपी दिसणं म्हणजेच कुठेतरी काहीतरी फुटलंय.

पण एटीपी फक्त "चला" म्हणतं. कुठे जायचं आणि कुठे थांबायचं, ते जखमेपाशी तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सांगतो. थोडा असेल तर दिशा मिळते, जास्त असेल तर पेशी तिथेच थांबतात. 2009 साली या गटाने दोन्ही संकेत मिळून काम कसं करतात ते दाखवलं. (प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर पन्नास जण एका कॉलवर येतात, पण तू इथेच थांब असं कुणी कुणाला सांगत नाही. आमच्यापेक्षा जळू बरी.)

हे सगळं मी वाचायला लागलो ते काकांमुळे. आमचं गाव सिंदी रेल्वे. वर्ध्याला लागून आहे ती सिंदी मेघे, वेगळी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर घराची कवेलू फेरताना काका खाली पडले. पाठीचा कणा मोडला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही कळत नाही. यंदा तान्ह्या पोळ्याला गेलो तेव्हा बाहेर पोरं मोठाले लाकडी नंदी ओढत होती आणि आत मी काकांना ही जळवेची गोष्ट सांगत होतो. वेळ जावा म्हणून, बाकी काही नाही.

काकू स्वयंपाकघरातून आली. "मंग याइच्या कमरेले जळवा लावून पाहू काय रे बाबू? एक वैद्य येतो म्हणते."

काकांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "माह्या आंगात नसतीन का त्या पेशी?"

असतात ना! 1919 साली स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मायक्रोग्लिया हे नाव दिलं ते सस्तन प्राण्यांमधल्या पेशींनाच. 2005 मध्ये उंदराच्या मेंदूत त्या जखमेकडे हात पसरताना दिसल्या, आणि तिथेही बोलावणं एटीपीचंच. म्हणजे काकांच्याही पेशी धावल्या असणार. अडचण त्यानंतरची. जळवेच्या जखमेत त्या जमतात तिथे लॅमिनिन नावाचं प्रथिन येतं, आणि त्यावरून तंतू पुढे सरकतो. 2007 च्या एका प्रयोगात पेशींची गर्दी कमी केली तर नवे फुटवेही कमी आले. आपल्या मज्जारज्जूत उलट जखमेभोवती व्रण तयार होतो, तंतूंवरच्या मायलिनमधली काही प्रथिनं वाढ रोखतात, आणि मोठ्या माणसाच्या चेतापेशीत पुन्हा वाढायचा जोरही फारसा उरलेला नसतो. हातापायाच्या नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकतात. मज्जारज्जू नाही.

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नंदी किती आले ते विचारलं.

काकूला समजावायला जास्त वेळ लागला. जळू आपल्या मज्जापेशी आपल्याला देत नाही. तिच्या लाळेत हिरुडिन असतं, त्याने रक्त गोठत नाही, म्हणून तुटलेलं बोट जोडल्यावर साचलेलं रक्त काढायला डॉक्टर आजही जळवा लावतात. सुश्रुताने तर जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी, सहा बिनविषारी. पण काकांना कमरेखाली दुखणं कळतच नाही. जळवेचा चावा काही तास वाहत राहतो, तिच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू असतात, आणि जखम चिघळली तर आधी कळणार काकूलाच, तेही कूस बदलताना.

"मंग नाई म्हणून सांगतो त्याले," ती म्हणाली, आणि फोन घेऊन ओसरीत गेली.