बाबांचा क्यू आणि विमान

इंदूरच्या आठवणी म्हटल्या की राजवाडा, सराफा आणि पोहे-जिलबीवर सगळ्यांनीच भरपूर लिहून ठेवलंय, त्यात मी भर घालत नाही. मी लिहून राहिले आहे एका काठीबद्दल. काठी म्हटलेलं बाबांना चाललं नसतं. ते तिला क्यू म्हणत आणि आम्हा पोरांना हात लावू देत नसत.

माझे बाबा इंदूरच्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बिलियर्डच्या खोलीत मेंबर लोक खेळत, बाबा बाजूला उभे राहून स्कोअर मोजत, पडलेले बॉल काढून पुन्हा जागेवर ठेवत, टेबलाच्या हिरव्या कापडाला ब्रश मारत, इस्त्री करत. हो, कापडाला इस्त्री, आणि तीसुद्धा एकाच दिशेने, कारण त्या कापडाला लव असते. साहेबांच्या क्यूची चामड्याची टिप झिजली की नवी चिकटवून कानशीने गोल करणं हेही त्यांचंच काम. नव्या मेंबरांना शिकवायचेही बाबाच. पण त्या टेबलावर खेळायची मुभा त्यांना नव्हती. सकाळी क्लब उघडायच्या आधी, झाडूवाला यायच्या वेळेला, तास-दीड तास ते एकटे खेळत. आई म्हणायची, "ह्यांची पूजा तिकडेच होते."

बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी त्यांना आपला क्यू देऊन टाकला. ॲश लाकडाचा, मुठीकडे काळा आबनूस, पुढे पितळेचं टोपण, आणि सगळा एकसंध. अठ्ठावन्न इंच. रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो आतल्या दाराच्या वर खिळ्याला टांगलेला असे, सरळ लोंबता. भिंतीला टेकवून कधीच ठेवायचा नाही, वाकतो. आम्ही भावंडं कोपऱ्यात कशीही पडलेली चालायचो, पण क्यू नाही.

बाबांचं दैवत म्हणजे विल्सन जोन्स. "आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस," असं ते मुद्दाम म्हणत. 1958 साली कलकत्त्याला जोन्स हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, 1964 साली न्यूझीलंडला पुन्हा झाले. बाबांना त्या दुसऱ्या वेळेचं फार अप्रूप. जिंकल्याचं नव्हे. "एवढ्या लांब क्यू कसा नेला असेल हो?" असं ते जेवता जेवता विचारायचे. आम्हाला हसू यायचं. स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला, हे मात्र ते जबलपूर आपल्या मामाचं गाव असल्यासारखं सांगत.

दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, त्यांनी रिटायर झाल्यावर शिकवलं. घराजवळ एक पूल पार्लर निघालं होतं. तिथे धूर, मोठमोठ्याने गाणी, कॉलेजची पोरं. वहिनीला मुळीच पसंत नव्हतं. बाबा धोतर नेसून नातीबरोबर जात आणि खुर्चीवर बसून राहत. ती पोरं आधी हसली, मग हळूहळू "आजोबा, ये शॉट कैसे लेना है?" विचारायला लागली. मुलगी बारा वर्षांची होती. स्नूकर ती आजोबांच्या क्यूने शिकली. पूल खेळायला मात्र वेगळा लागतो, पूलचे बॉल मोठे असतात म्हणून क्यूची टिपही जाड. दादाने पैसे साठवून तिला दोन तुकड्यांचा पूल क्यू घेऊन दिला, मधोमध स्क्रूने जोडायचा.

बाबा गेल्यावर वर्षभराने ती पहिल्यांदा बाहेर खेळायला निघाली, बंगळुरूला. सोबत मी. बँकेतून मोकळी झालेली आत्या अशाच कामाला येते.

विमानाचा मला अनुभव होता, क्यू घेऊन नव्हता. मऊ कापडी पिशवीत दोन तुकडे, पिशवी तिच्या खांद्यावर. रांगेत एका काकूंनी "बांसुरी है क्या बेटा?" असंही विचारलं. सिक्युरिटीच्या मशीनमधून पिशवी गेली आणि पलीकडच्या जवानाने ती बाजूला काढली.

"मॅडम, ये ऊपर नहीं जाएगा."

"भैया, खेलने का सामान है."

"हाँ, पर है तो डंडा ही."

चूक त्याची नव्हती. बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी, क्यू, यातलं काहीच केबिनमध्ये नेता येत नाही, सगळं खालच्या सामानात द्यायचं. आमच्या डोक्यात आलंच नाही. पुन्हा उलट्या पावली काउंटरवर. तिथल्या मुलीने एक टॅग पुढे केला, नाजूक वस्तूची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. मी सही केली. ती पातळ पिशवी मोठमोठ्या सुटकेसांच्या मधून पट्ट्यावरून आत जाताना आम्ही दोघी बघत राहिलो.

बंगळुरूला उघडली तर टिपच्या मागचं पांढरं टोपण चिरलेलं. मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी. कुणाचा तरी क्यू मागून घेतला. खेळणारे सांगतील, दुसऱ्याच्या क्यूने खेळणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून वाचणं. पहिल्याच फेरीत हरली. माझ्याशी काही बोलली नाही. हॉटेलात बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. दोन तुकड्यांचा पूल क्यू, एकेक तुकडा एकोणतीस इंचांचा, मोठ्या सुटकेसमध्ये तिरका ठेवला तर बसतो. भोवती साड्या-टॉवेल गुंडाळायचे. उतरल्यावर लगेच उघडायचा नाही, खोलीत दोन-तीन तास बंद राहू द्यायचा. लाकूड आहे, त्यालाही हवा बदललेली कळते. एका मुलाने आणखी चांगली युक्ती सांगितली, पाणी जायचा पीव्हीसी पाइप घ्या. सियागंजातून चार इंची पाइप आणला, दोन्ही टोकांना झाकणं, आत जुन्या गोधडीचे तुकडे. आईच्या नऊवारीच्या गोधडीचे, हे वहिनीला नंतर कळलं. पाइप पहिल्यांदा विमानतळावर नेला तेव्हा तीन जणांनी उघडून पाहिला. एकाने त्यात तोंड घालून पाहिलं.

अमेरिकेतल्या माझ्या मुलाने फोनवर सांगितलं, तिकडे 2013 साली क्यू केबिनमध्ये न्यायला परवानगी देणार असं जाहीर झालं होतं. पण त्याच यादीत छोटे चाकूही होते, विमानातल्या कर्मचाऱ्यांनी जोरात विरोध केला आणि तीन महिन्यांत सगळंच मागे घेतलं. चाकूबरोबर बिचारा क्यूही गेला.

इथवर सगळं पूल क्यूचं झालं. खरा पेच पुढे आला, ती स्नूकरच्या स्पर्धेत निवडली गेली तेव्हा. पुन्हा बंगळुरूच. कॉलेजचा शेवटचा पेपर शुक्रवारी, मॅच रविवारी सकाळी, म्हणजे रेल्वेचा प्रश्नच नाही. आणि स्नूकर ती बाबांच्याच क्यूने खेळायची, दुसऱ्याने नाही.

अठ्ठावन्न इंच म्हणजे साधारण एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. बऱ्याच विमान कंपन्यांचा साधा हिशेब असा की लांबी, रुंदी, उंची मिळून एकशे अठ्ठावन्नच्या वर जायचं नाही. पाइपसकट आमचं एकशे सत्तरपर्यंत जात होतं. जास्तीचे पैसे भरता आले असते. पण ते घेतील की नाही हे काउंटरवरच्या माणसावर, आणि एवढा लांब पाइप कुठे वाकला, कुठे अडकला तर? दादा म्हणाला, "कापून घेऊ. सगळे घेतात. मध्ये पितळेचा जॉइंट बसवतात."

मी नको म्हटलं. चांगलं दोन दिवस भांडले. "बाबांची एकच वस्तू आहे घरात, आणि तिला तुम्ही करवत लावता?" दादा म्हणाला, "मग टांगून ठेव तुझ्या घरी." ज्याने वाईट वाटावं ते सगळं आम्ही एकमेकांना बोललो, क्लबाने बाबांना काय दिलं इथपासून त्यांच्या आजारपणात कोण किती आलं इथपर्यंत. मुलगी आपल्या खोलीत. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आई चौऱ्याऐंशीची. ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाली, "तुम्ही लोक काय करून राहिले रे? तो क्यू त्यांचा नव्हता. साहेबाचा होता. त्यांनी ठेवला सांभाळून, कारण खेळायला कुणी बोलावलं नाही. हिला बोलावलंय ना? मग कापा."

मग मुलीकडे वळून, "तुला चालेल का गं?"

ती म्हणाली, "आजी, मला भीती वाटते. पण मला जायचंय."

असे जॉइंट नीट बसवणारा एक कारागीर मुंबईत होता. म्हणून क्यू कापायला आम्ही अवंतिका एक्सप्रेसने निघालो. गंमत बघा, विमानात बसता यावं म्हणून तो आधी रेल्वेने गेला, आणि अख्खा असा तो त्याचा शेवटचा प्रवास. वरच्या बर्थवर मुलगी त्याला कुशीत घेऊन झोपली. टीसीने विचारलं नाही, फक्त वर बघितलं.

कारागिराने आधी एक डोळा मिटून क्यूच्या टोकाकडून मुठीकडे पाहिलं. मग काचेवर घरंगळत सोडला. "सीधा है. किसने रखा इतना?" म्हणाला. माझ्याच्याने उत्तर देववलं नाही. मुलगी म्हणाली, "माझ्या आजोबांनी."

जॉइंट कुठे द्यायचा यावर त्यांचं बोलणं झालं. मुठीच्या बाजूला, पाऊण-पाव असा दिला तर खेळताना हाताला कमी जाणवतो, पण लांब तुकडा लांबच राहतो. मधोमध दिला तर सामानात सोपं जातं. तिने मधोमध सांगितला. ॲशच्या लाकडात रेषांचे बाण दिसतात, एकामागे एक. त्याने कापायच्या जागेवर पेन्सिलने खूण केली, जोडल्यावर बाण पुन्हा एका ओळीत यावेत म्हणून. "वजन थोडा बढ़ेगा, पीतल है," एवढं सांगून त्याने करवत लावली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. आवाज बाहेरही येत होता, फार वेळ नाही.

दोन दिवसांनी क्यू हातात आला. बाण जुळले होते. बॉलला लागल्यावरचा आवाज मात्र बदलला, असं ती म्हणते. पूर्वी 'टक्' होता, आता त्यात काहीतरी धातूचं आहे. मला फरक कळत नाही. सवय व्हायला तिला महिना लागला आणि त्या महिन्यात मी तिच्यासमोर जाणं टाळलं, खोटं कशाला सांगू.

स्पर्धेला आम्ही विमानाने गेलो, पाइपसकट. काउंटरवरच्या मुलाने टेप लावून मोजलं, मान हलवली आणि बाजूच्या दारातून वेगळा पाठवला. बंगळुरूला खोलीवर तीन तास ती त्या बंद पाइपशेजारी बसून राहिली. मग उघडून, स्क्रू फिरवून, एक डोळा मिटून पाहिलं. आईचा फोन आलाच होता. "सरळ आहे का?" एवढंच विचारलं तिने.

दोन मॅच जिंकली, तिसरी हरली. हरल्यावर या वेळी भरपूर बोलली, कुठला लाल बॉल घ्यायला नको होता ते विमानतळापर्यंत सांगत होती.

परत इंदूरला रात्री साडेअकरा वाजले. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, पाइप येईना. आम्ही दोघी आणि एक रिकामा पट्टा. शेवटी कोपऱ्यातल्या दारातून एक लोडर पाइप दोन्ही हातांवर आडवा घेऊन आला. "दीदी, इसमें है क्या? इतना टेप लगाया है."

"दादाजी की स्टिक है," ती म्हणाली.

बाहेर दादा गाडी घेऊन उभा होता. सामान डिक्कीत भरेपर्यंत पाइप कुठेतरी ठेवायला हवा होता. मी गाडीला टेकवायला गेले तर त्याने माझ्या हातातून घेतला आणि उभा धरून राहिला.