वागळेत खाडा चालत नाही!

वागळे इस्टेट म्हटलं की काय आठवतं? पासपोर्ट ऑफिसबाहेर फाइल छातीशी धरून उभी असलेली माणसं, ‘तीन हात नाका, तीन हात नाका’ ओरडणारे रिक्षावाले, आणि पावसाळ्यात रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता हा सनातन प्रश्न! वीकेण्डला फिरायला म्हणून इथे कुणी येत नाही. ठाणेकरांना त्यासाठी येऊर आहे, उपवन आहे, तलावपाळी आहे. वागळेला कोण जातं?

आम्ही जातो. तेही सुट्टीच्या शनिवारी आणि चक्क फुटबॉलसाठी! मैदान नाही, बूट नाहीत, बॉल तर नाहीच. आठ जण, आठ मोबाइल, एक वही आणि टपरीवरचा कटिंग. फॅन्टसी फुटबॉलचा ड्राफ्ट करायला एवढं पुरतं.

नंबरांचं गाव

आधी जागेची ओळख करून घेऊ. एमआयडीसीची स्थापना झाली १ ऑगस्ट १९६२ला आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. इथल्या रस्त्यांना नंबर आहेत. रोड नंबर १६, रोड नंबर २२... पहिल्यांदा इंटरव्ह्यूला आलेला माणूस इथे हमखास हरवतो. मग कुणीतरी त्याला ‘बावीस नंबर सर्कलला या’ असं सांगून सोडवतो.

आज इथे दोन जगं एकमेकांना खेटून आहेत. एका बाजूला गाळे... लेथ, वेल्डिंगच्या ठिणग्या, टेम्पोत चढणारे खोके. दुसऱ्या बाजूला आशर आयटी पार्कसारख्या काचेच्या इमारती, गळ्यात आयकार्ड आणि पाठीवर लॅपटॉप. दोन्हीकडची माणसं एकत्र येतात ती चहाच्या टपरीवर. मागे येऊरचा डोंगर, ऑगस्टमध्ये असा काही हिरवागार की वाटतं, अरे, आपण एमआयडीसीत आहोत ना?

आणि ऑफिसची फुटबॉल टीम हा प्रकार या भागाला नवा नाही बरं का. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. कंपनीची टीम, देशाची चॅम्पियन! २०१०मध्ये ती बंद झाली. आता कंपनीची टीम मैदानावर उतरत नाही. ती फोनमध्ये असते, आणि तिच्यात इजिप्तचा, नॉर्वेचा, न्यूझीलंडचा माणूस असतो.

आठ चिठ्ठ्या, एकशेवीस खेळाडू

फॅन्टसी प्रीमियर लीग म्हणजे काय, हे आता बहुतेक ऑफिसांत सांगावं लागत नाही. २००२-०३पासून हा खेळ चालू आहे. इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू निवडायचे, त्यांनी मैदानावर जे केलं त्याचे गुण तुम्हाला. फुकट असतो हेही महत्त्वाचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंदी आली, त्याचा आम्हाला फटका बसायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना गजाननचा वडापाव खिलवायचा, पिवळ्या चटणीसकट. बास.

नेहमीच्या खेळात एकच स्टार सगळ्यांच्या टीममध्ये असू शकतो. २०१७-१८पासून आलेल्या ड्राफ्टमध्ये मात्र गंमत वेगळी आहे. खेळाडू एकाने घेतला की बाकीच्यांना बंद! किंमत नाही, कॅप्टन नाही. फक्त पाळी. आणि ती पाळी सापासारखी वळते. आठ जण असतील तर पहिल्या चिठ्ठीवाल्याला पहिला खेळाडू मिळतो आणि त्यानंतर थेट सोळावा आणि सतरावा. आठव्या चिठ्ठीवाल्याला आठवा आणि नववा लागोपाठ.

आता जरा हिशेब करा. प्रत्येकाचे पंधरा खेळाडू : दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. आठ जणांना मिळून चोवीस फॉरवर्ड लागतात. लीगमध्ये क्लब वीस, आणि त्यातले बरेच जण पुढे एकच फॉरवर्ड खेळवतात. म्हणजे काहींना तरी कुणाचा तरी राखीव फॉरवर्ड घ्यावा लागणार! गोलकीपर मात्र सोळाच लागतात आणि नियमित खेळणारे असतात वीस. म्हणजे गोलकीपरची घाई करणारा माणूस आपली एक पाळी फुकट घालवतो. ड्राफ्टचं अर्धं शास्त्र या चार आकड्यांत आलं.

१० ऑगस्ट २०२४च्या शनिवारी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या चिठ्ठीने अर्थातच हालांड उचलला. २०२२-२३मध्ये छत्तीस गोल मारणारा माणूस, त्यात विचार कसला? दुसरीने कोल पामर. तिसरी चिठ्ठी फायनान्समधल्या मुलुंडकर मैत्रिणीची. तिने सालाह घेतला, तोही कुरकुरत. बत्तिशी गाठलेली, कराराचं शेवटचं वर्ष, क्लॉप गेलेला, नवा कोच स्लॉट आलेला. चौथीने साका. पाचवी माझी, तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आठवी आली टेस्टिंगमधल्या आमच्या डोंबिवलीकर मित्राला. त्याने घेतले इसाक आणि वॉटकिन्स. इथवर ठीक. चोविसावा घेतला ब्रेंटफर्डचा म्बेउमो. छप्पन्नावा ख्रिस वूड. आणि गोलकीपर थेट चौदाव्या फेरीत, एकशेपाचवा : नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सेल्स. आदल्या वर्षी कसाबसा लीगमध्ये टिकलेला क्लब, त्यातले दोन जण! अख्खी टपरी हसली.

‘अरे, तू टीम निवडतोयस की रिकामा डबा भरतोयस?’ पहिली चिठ्ठी म्हणाली.

‘मी खेळणारी माणसं घेतोय,’ तो म्हणाला.

काकांचा प्रश्न

टपरीवाल्या काकांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. टपरी टाकण्याआधी त्यांनी याच इस्टेटीत बरीच वर्षं लेथवर काढली. त्यामुळे माणूस जोखायची त्यांची मोजपट्टी ठरलेली. आम्ही कुणाचंही कौतुक करायला लागलो की त्यांचा एकच प्रश्न : ‘खाडे किती याचे?’

गाळ्यात काम केलेल्या माणसाला या प्रश्नाचं वजन माहीत असतं. कारागीर कितीही हुशार असो, तो आलाच नाही तर त्या दिवशी मशीन बंद. आम्ही हसण्यावारी नेलं. पण सीझन संपल्यावर वहीत आकडे मांडले आणि गप्प झालो.

२०२४-२५मध्ये अडतीस सामन्यांपैकी हालांड खेळला एकतीस. गोल बावीस, वाईट अजिबात नाहीत. पण सात खाडे. आता आठव्या चिठ्ठीचे चौघे बघा. इसाक चौतीस सामने, तेवीस गोल. वॉटकिन्स अडतीस सामने, सोळा गोल. म्बेउमो अडतीस सामने, वीस गोल. वूड छत्तीस सामने, वीस गोल. चौघांचे मिळून खाडे सहा, म्हणजे एकट्या हालांडपेक्षा एक कमीच! आणि ज्याला हसलो त्या सेल्सने तेरा सामन्यांत गोल खाल्ला नाही. लीगमध्ये यापेक्षा जास्त क्लीन शीट कुणाच्याच नव्हत्या. आर्सेनलच्या रायाने फक्त बरोबरी केली.

बाकीच्यांचं काय झालं? पामरने २८ सप्टेंबरला ब्रायटनविरुद्ध पहिल्या हाफमध्येच चार गोल ठोकले तेव्हा दुसऱ्या चिठ्ठीने सगळ्यांना चहा पाजला. मग जानेवारीच्या मध्यापासून मेपर्यंत पामरचा लीगमध्ये एक गोल नाही! साका डिसेंबरमध्ये हॅमस्ट्रिंग धरून बसला तो एप्रिलमध्ये उठला. चौथ्या चिठ्ठीचा सीझन तिथेच आटोपला.

आणि सालाह? अडतीसपैकी अडतीस. एकोणतीस गोल, अठरा असिस्ट, नेहमीच्या फॅन्टसीत ३४४ गुणांचा विक्रम. काकांना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. ‘शून्य खाडे? मग बरोबर आहे.’

ऑगस्टमध्ये आपण नावं मोजतो. सीझन मात्र हजेरीपट मोजतो. ड्राफ्ट चांगला झाला का, हे बघायचं असेल तर पहिले तीन खेळाडू झाकून ठेवा आणि उरलेल्या बारांपैकी किती जण दर शनिवारी साठ मिनिटं मैदानावर असतील ते मोजा. साठ मिनिटं खेळलं की काहीही न करता दोन गुण मिळतातच. २०२५-२६पासून तर फॅन्टसी प्रीमियर लीगने बचावाच्या कामालाही गुण दिले : डिफेंडरने टॅकल, क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन मिळून दहा केले की दोन गुण. म्हणजे हजेरी लावून मान खाली घालून राबणाऱ्याची दखल उशिरा का होईना, घेतली गेली.

बेंच

आयटीवाल्यांना ‘बेंच’ या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये आमच्या डोंबिवलीकराचा प्रोजेक्ट संपला आणि तो बेंचवर गेला. जानेवारीत आयकार्ड परत करावं लागलं. एक दिवस खाडा नव्हता त्याचा. म्हणून हजेरीचं गुणगान करताना जीभ जरा अडखळते. लीगमध्ये रोज खेळणाऱ्याला गुण मिळतात, ऑफिसात मिळतीलच असं नाही.

आम्हाला वाटलं, आता हा लीगही सोडणार. सोडली नाही. शनिवारी डोंबिवलीहून लोकल, ठाण्याहून रिक्षा, आणि तीच टपरी. आता तर त्याचं ऑफिसही इथे नव्हतं! काकांनी त्याच्याकडून चहाचे पैसे घेणं बंद केलं. तो देत राहिला, ते परत करत राहिले. आम्ही कुणी ‘कॉल आला का?’ असं विचारत नव्हतो. विचारायचो, ‘वूडला खेळवतोयस का या आठवड्यात?’ त्यालाही तेच बरं वाटत असावं. आठवडाभरात कुणीतरी त्याच्याशी त्याच्या निर्णयांबद्दल बोलत होतं, आणि त्याचे निर्णय बरोबर येत होते.

ड्राफ्टमध्ये एक चांगला नियम आहे. मोकळ्या खेळाडूंमधून निवडताना तळाला असलेल्याला पहिली संधी मिळते. ‘एचआरवाल्यांना कळवा रे हा नियम,’ तो एकदा म्हणाला. तेवढंच. त्या विषयावर तो इतकंच बोलला.

मार्चमध्ये त्याला ऐरोलीत जॉब लागला. २५ मे २०२५ला शेवटचे सामने झाले तेव्हा पहिली आली मुलुंडकर आणि तिचा सालाह. हा दुसरा. ‘चौदाव्या फेरीच्या गोलकीपरवर दुसरा नंबर!’ असं म्हणत त्याने काकांना टाळी दिली. शेवटच्या नंबरवर कोण? चौथी चिठ्ठी. वडापाव मस्त होते.

तुमच्या ड्राफ्टसाठी वागळे फंडे

- फॉरवर्ड आधी, गोलकीपर शेवटी. हिशेब वर दिलाच आहे.
- पेनल्टी कोण घेणार ते बघा. टोनी ऑगस्ट २०२४च्या अखेरीस सौदीला गेला आणि ब्रेंटफर्डच्या पेनल्टी म्बेउमोकडे आल्या.
- दोन सारख्या खेळाडूंत अडलात तर काकांचा प्रश्न विचारा.
- वेळ सांभाळा. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी. ऑगस्टमध्ये शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला, म्हणजे डेडलाइन साडेतीनला. ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं बदलली की सगळं एक तास पुढे.
- लीगमधलं कुणी बेंचवर गेलं तर त्याला ग्रुपमधून काढू नका. त्याची टीम कशी चाललीय, ते विचारा.

कसं जाल? ठाणे स्टेशन पश्चिमेला उतरून रिक्षा किंवा टीएमटी. मुलुंडकरांनी चेकनाक्याहून यावं. पावसाळ्यात पांढरे शूज घालून येऊ नका. चहा कुठल्याही टपरीवर चांगलाच मिळतो. फक्त टपरीवाल्या काकांसमोर हालांडचं फार कौतुक करू नका... पुढचा प्रश्न ठरलेला आहे!