बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मार्गशीर्ष लागला की मीना नदीकाठच्या आमच्या वारूळवाडीत अशी थंडी उतरते की, पहाटे स्नान करणाऱ्यांचीही निष्ठा डळमळावी. जुन्या घरात तिची बाधा कमी होई. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती दिवसभर ऊन साठवीत व रात्री ती ऊब सावकाश परत देत. स्लॅबच्या घरात ते सुख नाही, म्हणून चिरंजिवांनी यंदा विजेचा हीटर आणला. त्याच्या लाल तारा पाहून आम्हांस १९८९ च्या जानेवारीतील पौष आठवला.

पहिले बाळंतपण माहेरी व दुसरे सासरी, या रीतीने सौभाग्यवती त्या वेळी आमच्याच घरी होत्या. मातुःश्रींनी शिरस्त्याप्रमाणे बाजेखाली कोळशांची शेगडी ठेविली होती. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबण्याचे काम मात्र आम्ही स्वतः केले. रात्री ‘डोके फार दुखते’ असा दाराआडून निरोप आला. आम्ही तो पित्ताच्या खाती टाकला. पहाटे निखारे बदलावयास मातुःश्री आत गेल्या, तो हाकेस ओ नाही, आणि मूलही निपचित! त्यांनी दारे सताड उघडून दोघांस ओसरीवर आणविले. बऱ्याच वेळाने मूल रडले.

पंधराच दिवसांपूर्वी आम्ही वर्गात ज्वलनाचा पाठ शिकविला होता. अपुऱ्या हवेत कोळसा जळाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. हे सारे आम्ही मातुःश्रींस समजावून सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “मग चिंध्या का कोंबल्यास रे?”

त्या दिवसापासून शेगडी परसात गेली. तीवर विटा तापवून, घोंगडीच्या तुकड्यांत गुंडाळून त्या बाजेखाली ठेवीत. विस्तव बाहेर आणि ऊब आत! कोरियातील लोक हेच शतकानुशतके करीत आले: चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवून बाहेर सोडावयाचा व वर बसावयाचे. विलायतेत आमच्या पुतण्याच्या घरी बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरते, धुराडे भिंतीबाहेर. काश्मिरी मनुष्य मात्र कांगडीतले निखारे अंगरख्याखाली बाळगतो. ते धाडस आम्हांस झेपणारे नव्हे.

हीटरची गोष्ट निराळी. हजार वॅटचा हीटर तासास एक युनिट वीज खातो, समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतो, पाठ गारच ठेवतो. तापलेली हवा वर स्लॅबला जाऊन चिकटते. पण त्यातून तो वायू निघत नाही, हे आम्ही जाणतो. चिरंजीव, म्हणजे तेच पौषातले मूल, रात्री खिडकी गच्च लावून निजतात. आम्ही उठून ती बोटभर उघडून येतो. सकाळी सूनबाई काही न बोलता ती पुन्हा लावतात.