उन्हातलं पान, सावलीतलं पान

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी हॉलच्या कोपऱ्यातला मनीप्लँट उचलला आणि थेट गॅलरीत नेऊन ठेवला. म्हटलं, बिचाऱ्याला जरा ऊन मिळेल. बुधवारपर्यंत पानांवर पांढरट चट्टे!

मग सवयीप्रमाणे शोधाशोध. एकाच झाडावरसुद्धा सावलीतली पानं बहुधा मोठी, पातळ असतात आणि उन्हातली लहान, जाड. पानाच्या पेशींतली हरितलवकं तर चक्क जागा बदलतात. मंद उजेडात ती प्रकाशासमोर पसरतात, कडक उन्हात पेशीच्या कडेला एकमेकांच्या आडोशाला जातात. हे सगळं काही मिनिटांत. पण पानाची जाडी? ती पान वाढतानाच जवळजवळ ठरून जाते. जुनं पान नव्या उन्हासाठी पुन्हा घडत नाही. झाड नवी पानं काढतं, त्या उन्हाच्या मापाची. त्याला वेळ लागतो.

हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, एकदम नाही न्यायचं. आधी थोडे दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं."

मी गप्प. बाबा गेल्यावर महिन्याभरात आईला चिपळूणहून पुण्यात, अकराव्या मजल्यावर आणलं ते मीच. एका रविवारात, टेम्पोत सामान टाकून. आणि वर रोज विचारायचं, "करमतंय ना?"

कुंडी आत घेतली. येत्या शनिवारी आम्ही दोघं चिपळूणला जातोय. घर अजून विकलेलं नाही, नशीब!