डिकीत ठेवलेला पंख

१/ राजे, तह आणि लढाया यांच्या इतिहासात मी रमतो. तरी एका मोटारीची कथा मला पुन्हापुन्हा खुणावते. ती म्हणजे बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल.

२/ मूळ ३.० सीएस ही दोन दारांची, ऐषारामी कूपे. टूरिंग कार शर्यतींत तेव्हा फोर्डच्या काप्रीचा दरारा होता. मे १९७२ मध्ये बीएमडब्ल्यूने शर्यतींसाठी स्वतंत्र कंपनी स्थापली आणि फोर्डकडूनच योखेन नेअरपाश यांना प्रमुखपदी आणले.

३/ उपाय त्यागाचा होता. नावातला ‘एल’ म्हणजे हलकी बांधणी. पत्रा पातळ केला. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे केले. सुमारे २०० किलो वजन उतरले.

४/ परंतु वेग वाढला की हवा गाडीला उचलू पाहते आणि चाकांची पकड सैल होते. म्हणून १९७३ मध्ये मागे उंच पंख आला. विमानाचा पंख वर उचलतो; हा खाली दाबतो.

५/ शर्यतीत हा पंख वापरायचा, तर तो विक्रीच्या गाडीसोबतही देणे भाग होते. जर्मन रस्त्यांवर मात्र त्याला मनाई! मग तो डिकीत ठेवूनच गाडी ग्राहकाच्या स्वाधीन होई. त्याच वर्षी युरोपीय अजिंक्यपद मिळाले. पुढे १९७५ ते १९७९ सलग पाच वेळा.

६/ मला या विजयांहून ती डिकी मोलाची वाटते. दोन्ही नियमांचे अक्षर पाळले गेले. हेतू कितपत पाळला गेला, हा प्रश्न उरतोच. मित्रहो, जुना कायदा वाचताना केवळ कलमांवर विसंबू नये. लोकांनी त्यातून वाट कशी काढली, तेही शोधावे.