औषधाची चाल

८ जानेवारी २०२४, सातारा

चौतिसाव्या वर्षी पिंपल्ससाठी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. शाळेत असताना आलेले बारावीनंतर कमी झाले होते. लेक तीन वर्षांची झाली तेव्हा पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी कपाळावर नाही, तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं. खोल, टणक, तोंड नसलेले. कुशीवर वळलं तरी कळ येते. एक बसतो तो काळा डाग ठेवून, तोवर शेजारी दुसरा वर येतो.

डॉक्टरबाईंनी कागदावर केसाच्या मुळाचं चित्र काढलं. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजतं, आत जंतू वाढतात आणि मग सूज येते. कुठलंही औषध यांतल्या एका-दोन गोष्टींवरच काम करतं, म्हणून एका ट्यूबनं भागत नाही. पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर राठ केस आलेत का, वजन एकदम वाढलंय का, हे त्यांनी नीट विचारलं. तसं काही असतं तर आधी पीसीओएसच्या तपासण्या केल्या असत्या, म्हणाल्या.

चिठ्ठीवर तीन औषधं आहेत. रात्री अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्के जेल, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची रोज एक कॅप्सूल. निघताना त्यांनी एकच बजावलं, "आठ ते बारा आठवड्यांच्या आधी निकाल मागू नका."

२१ जानेवारी

औषध लावण्याचीही रीत असते. जेल वाटाण्याएवढंच घ्यायचं आणि फक्त पिंपलवर न लावता सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं, कारण पुढचा पिंपल जिथे तयार होतोय ती जागा आज दिसत नसते. पहिले काही दिवस कातडीचे पापुद्रे निघाले, नाकाच्या बाजूला चुरचुरलं. सांगितल्याप्रमाणे दिवसाआड लावून मग रोजवर आले. बेन्झॉइल पेरॉक्साइडनं कापडाचा रंग उडतो, म्हणून चेहऱ्याचा टॉवेल पांढरा ठेवलाय.

डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. तिच्यामुळे उन्हाचा त्रासही वाढतो. शाळेच्या मैदानावर परिपाठाला उभं राहावं लागतं, म्हणून सनस्क्रीन लावल्याशिवाय घर सोडत नाही. विज्ञान शिकवते, त्यामुळे एक गोष्ट फार पटली. नुसतं अँटिबायोटिक दिलं तर जंतू त्याला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला असलं की हा धोका कमी होतो. चिठ्ठीवरच्या तीन ओळी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यांतली आपल्याला आवडेल ती एक निवडायची सोय नाही.

११ फेब्रुवारी

रथसप्तमी जवळ आली, म्हणून आज तीन घरी हळदीकुंकू होतं. कुंकू लावताना चेहरा अगदी समोर येतो आणि मग प्रत्येकीला काही सांगावंसं वाटतं. उष्णता झालीय. पोट साफ नसेल. एका बाईंनी तर हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण चाळिशीकडे निघालेल्या बाईचा चेहरा असा सगळ्यांसमोर तपासला जातो तेव्हा जीव लहान होतो, हे इथे लिहून ठेवते. हे दुखणं फक्त कातडीचं नसतं.

घरी आले तर सासूबाईंनी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून ठेवलं होतं. त्यांच्या आईनं त्यांना हेच लावलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "आई, रात्रीच्या जेलनं कातडी नाजूक झालीय. त्यावर जायफळ, लिंबू, हळद काहीही लावलं तर आग होईल, डाग आणखी गडद होतील." त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खाण्याचं काय?" तेही मी डॉक्टरांना विचारलं होतं. गोडधोड आणि मैद्यासारख्या पटकन साखर वाढवणाऱ्या पदार्थांचा आणि काही जणांमध्ये दुधाचा पिंपल्सशी संबंध दिसतो. पण पथ्य हे औषधाच्या जागी चालत नाही. सासूबाईंनी माझ्या चहातली साखर कमी केली आणि सहाण देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

१२ एप्रिल

तीन महिने होऊन गेले. बारीक पुळ्या जवळपास गेल्या. खोल गाठी मात्र येतातच, आणि डाव्या जबड्यावर दोन खड्डे पडलेत. डॉक्टरबाईंनी डॉक्सिसायक्लिन थांबवली. पिंपल्ससाठी अँटिबायोटिक तीन-चार महिन्यांपलीकडे ओढायचं नसतं.

पुढचे दोन रस्ते त्यांनी समोर ठेवले. एक स्पायरोनोलॅक्टोन. मुळात हे रक्तदाबाचं, लघवी वाढवणारं औषध, पण ते अँड्रोजन हार्मोनचा परिणाम अडवतं, म्हणून बायकांच्या हनुवटीवरच्या पिंपल्सवर चालतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाचा फायदा १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांना अधिक ठळक दिसला. म्हणजे तिथेही धीर धरणं आलंच.

दुसरा रस्ता आयसोट्रेटिनॉइनचा. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध तेलग्रंथीच आक्रसून टाकतं आणि चारही कारणांवर काम करतं. खड्डे पडू लागलेत, तेव्हा वाट पाहण्यात नुकसान आहे, म्हणून त्यांचा कौल याला. पण त्याआधी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "दुसऱ्या मुलाचा विचार आहे का?"

१६ एप्रिल

रात्री ह्यांच्याशी बोलले. हे औषध चालू असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंग येऊ शकतं. डोस थोडा आहे, चार दिवसच घेतलंय, असली कुठलीही सूट त्यात नाही. सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून औषध थांबल्यावर महिनाभरापर्यंत गर्भधारणा कटाक्षानं टाळायची. मला तांबी बसवलेली आहे. तरी डॉक्टरबाईंनी जोडीला दुसरं साधन वापरायला सांगितलंय, आणि दर महिन्याला लघवीची तपासणी होणार आहे.

दुसऱ्या मुलाचं आम्ही पुढच्या वर्षावर ठेवलं होतं. सासूबाईंना काय सांगायचं, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरं तेच सांगू. सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तू बरी हो." औषधाचा निर्णय घरात असा उघड बोलून व्हावा, कारण त्याचे नियम एकटीनं पाळण्यासारखे नाहीत.

१५ मे

पाळीच्या तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल घेतली. त्याआधी गर्भ नसल्याची खात्री, यकृताची तपासणी आणि उपाशीपोटी कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड झालं. हे औषध रक्तातली चरबी वाढवू शकतं, म्हणून मधूनमधून हे पुन्हा पाहायचं.

डोसाचा हिशोब वजनावर असतो. पूर्ण कोर्समध्ये दर किलोला साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावं, असा प्रघात आहे. माझं वजन ५८ किलो, म्हणजे कमीत कमी ६,९६० मिलिग्रॅम. पहिला महिना रोज २०, मग रोज ४० मिलिग्रॅम, अशा गतीनं नोव्हेंबर उजाडेल. मध्येच चेहरा छान झाला म्हणून थांबायचं नाही, आणि लवकर संपावं म्हणून जास्त घ्यायचं नाही.

८ जून

पिंपल्स वाढलेत. हनुवटीवर एकदम चार, गालावरही दोन. पहिल्या महिन्यात काही जणांना असं होतं, हे आधी कळलं होतं, म्हणून घाबरले नाही. तरी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आरशात पाहणं जड जातंय. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी चेहरा बघायला बोलावलं, झोप कशी लागते आणि मन उदास राहतं का, हेही विचारलं. हा प्रश्न त्या दर भेटीत विचारतात. या औषधावर असताना मनात काही बदल जाणवला तर तो लगेच सांगायचा असतो.

१७ जुलै, आषाढी एकादशी

कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची, नाही तर ती अंगी नीट लागत नाही. एरवी वरण-भात-तुपावर घेते. आज उपास असल्यानं साबुदाण्याची खिचडी होती. तूप आणि दाण्याचं कूट असताना वेगळं काही लागलं नाही.

ओठ सतत फुटतात. पेट्रोलियम जेलीची डबी पर्समध्ये, वर्गातल्या टेबलात आणि उशाशी असते. सकाळी नाकातून थोडं रक्त आलं, आतून कोरडं पडतं म्हणून. डोळ्यांतही थेंब घालावे लागतात. पण गेल्या दोन आठवड्यांत नवी गाठ आलेली नाही. हनुवटीवरून हात फिरवताना दुखलं नाही, याला किती वर्षं झाली!

१४ ऑगस्ट

उद्या झेंडावंदनानंतर शाळेत रक्तदान शिबिर आहे. दरवर्षी यादीत पहिलं नाव माझं असतं. या वर्षी मी नाही म्हटलं आणि शिक्षकांच्या खोलीत कारणही सांगितलं. हे औषध चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नसतं, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढू शकतं. ऐकून एक तरुण शिक्षिका मागाहून जवळ आली. तीही हेच औषध घेते आणि शिबिरात रक्त देणार होती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

२ सप्टेंबर

दहावीतली एक मुलगी बाकावर मान खाली घालून बसते. चेहरा लालबुंद, उन्हात गेली की आग होते, गालावर बारीक लव वाढलेली. मधल्या सुट्टीत विचारलं, तेव्हा तिनं दप्तरातून ट्यूब काढली. पिंपल्ससाठी म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात स्टिरॉइड होतं. सुरुवातीला आठवडाभर अशा मलमानं चेहरा उजळतो, पिंपल्स दबतात. पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि पिंपल्स आणखी जोरानं येतात. एकदम बंद केलं तरी चेहरा पेटतो, म्हणून सोडवायलाही डॉक्टर लागतो.

भारतातल्या १२ केंद्रांवरच्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावत होते. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. तरी ती ट्यूब पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात आहे. तिच्या आईला बोलावून घेतलं आणि शनिवारी दोघींना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. मुलगी आईला म्हणाली, "बाईंनापण पिंपल्स होते." माझा चेहरा कुणाच्या तरी उपयोगी पडला, याचं फार बरं वाटलं.

६ ऑक्टोबर

नवरात्र चालू आहे. चेहरा स्वच्छ आहे. डाग आहेत, पण उंचवटा एकही नाही. वर्गाला घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले होते, उतरताना गुडघे आणि पाठ बरीच दुखली. या औषधानं अंग दुखतं, तेवढे दिवस जपून चालायचं. ट्रायग्लिसराइड १७२ आलंय, १५० च्या थोडं वर. डोस तोच ठेवून तळलेलं कमी करायला सांगितलंय. पार्लरमध्ये वॅक्सला स्पष्ट नाही म्हणते, कारण या काळात कातडी पट्टीबरोबर सोलून येऊ शकते.

माझा फोटो पाहून आत्येबहिणीचा फोन आला. "गोळीचं नाव पाठव, मीपण घेते." तिच्या लग्नाला सहा महिने झालेत. मी नाव पाठवलं नाही. डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, आणि तोवर काही घेणार नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं.

२१ नोव्हेंबर

शेवटची कॅप्सूल घेतली. उरलीसुरली पाकिटं घरात ठेवायची नाहीत, दुसऱ्याला द्यायची नाहीत.

२३ डिसेंबर

महिना उलटला. लघवीची तपासणी ठीक आली, रक्ताचे आकडे जागेवर आले. डॉक्टरबाईंनी पुन्हा रात्रीचं अ‍ॅडापॅलिन आणि सकाळचं सनस्क्रीन लिहून दिलंय. काही जणांना काही महिन्यांनी पिंपल्स परत येतात, तेव्हा पुन्हा उपचार करता येतात. आपल्या सावळ्या कातडीवरचे डाग हळूहळू फिके होतात, त्यांना आणखी काही महिने लागतील. खड्डे आपोआप भरत नाहीत. त्यांचे उपचार वेगळे असतात, ते कधी करायचे हे डॉक्टर ठरवतील.

ही पानं छापायला देते आहे ती वर्षानुवर्षं मान खाली घालून वावरणाऱ्या बायकांसाठी आणि पुरुषांसाठीही. तिशी-पस्तिशीतले पिंपल्स हा आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. ते औषध जोरकस आहे, म्हणूनच ते चिठ्ठीवर मिळतं. मैत्रिणीच्या पाकिटातून किंवा मेडिकलच्या काउंटरवरून ते घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पाळी, गर्भ, इतर औषधं यांबद्दल काही लपवू नका, तपासण्या चुकवू नका, आणि त्या औषधाला लागतील तेवढे महिने द्या.